बोटं तेवढी बरोबर

सकाळचा चहा मी आता चित्रं बघत घेत नाही. आधी मोबाइल, मग चहा. पोट रिकामं असलेलं बरं असतं. कोणाला ही म्हातारीची नाटकं वाटतील, पण आमच्या चित्रकारांच्या ऑनलाइन ग्रुपवर रोज मंजुरीसाठी जे येऊन पडतं ते बघून मला खरोखर मळमळतं. आमटीत झुरळ निघाल्यावर माणूस ताट सरकवतो, तसा मी मोबाइल सरकवते.

काय येतं म्हणाल, तर एक आजी येते. तिच्या तोंडावर हजार सुरकुत्या आणि प्रत्येक सुरकुतीवर वेगळा उजेड. डोळ्यात एकच थेंब, पडू की नको अशा बेतात अडकलेला. नऊवारी नेसलेली असते, पण निऱ्या कुठून निघाल्या आणि कुठे गेल्या ते तिलाही ठाऊक नसतं. मग एक गोदाघाट येतो. सगळा तुपात बुडवून काढलेला. दिवे, दिव्यांवर धुकं, धुक्यातून सूर्य, आणि तो उगवतोय की मावळतोय ते कळायला मार्ग नाही, कारण सावल्या दोन्हीकडे पडलेल्या. मग पैठणी नेसलेली नवरी येते आणि पदरावरच्या मोराला दोन चोची असतात. माझ्या लग्नातली येवल्याची पैठणी अजून कपाटात आहे, तिच्यावरचे मोर मी शाळेतल्या मुलींना बसवून काढायला लावलेत, म्हणून निदान मोराबद्दल तरी मला कोणी शिकवू नये.

या सगळ्याखाली लिहिलेलं असतं, "आज सकाळी काढलेलं जलरंगचित्र. कसं वाटलं?" आणि नजर चुकवून एखादं ग्रुपवर गेलंच, तर त्याखाली लोकांची रांग लागते. "निःशब्द!" अरे, निःशब्द झालात तर गप्प बसा, बोलता कशाला?

मशीन चित्र काढतं याचा मला राग नाही. काढू दे बापडं. मला किळस येते ती "काढलं" या शब्दाची. जो माणूस तासभर उन्हात बसला नाही, ज्याच्या पाण्याच्या डब्यात कधी माशी पडली नाही, ज्याचा निळा रंग ऐन वेळी संपला नाही, तो सोफ्यावर लोळत चार शब्द टाइप करतो आणि म्हणतो, मी काढलं. शिवाय त्या चित्रांत एक ओंगळ आत्मविश्वास असतो. माणसाला जे कळत नाही ते तो धूसर सोडतो. लांबच्या झाडाखाली काय आहे ते दिसत नसेल तर तो तिथे ओला हिरवा डाग टाकून पुढे जातो, आणि त्या डागातसुद्धा एक प्रामाणिकपणा असतो. मशीनला जे कळत नाही तेही ते ठासून, चकचकीत, शेवटच्या केसापर्यंत काढतं. वर्गात उत्तर येत नसताना सगळ्यात मोठ्या आवाजात बोलणारा एक मुलगा असतो ना, तसं.

आमचा ग्रुप मुळात असा नव्हता. आम्ही नाशिकमधली पाचसात जलरंगवाली माणसं. रविवारी सकाळी कुठेतरी जाऊन बसायचं. घाटावर, सोमेश्वरला, पांडवलेण्यांच्या पायथ्याशी. चित्र काढायचं, दुपारी जेवून झोपण्याआधी ग्रुपवर टाकायचं, एवढाच उद्योग. मग कोणी आपल्या भावाला घेतलं, भावाने ऑफिसला घेतलं, आणि बघता बघता ग्रुप कुठल्या कुठे गेला. नागपूरचे आले, बेळगावचे आले, दुबईहून एक जण उंटच टाकू लागला. तेव्हा आम्ही मंजुरीची पद्धत सुरू केली. आम्ही चौघं आलेलं प्रत्येक चित्र बघणार आणि मगच ते ग्रुपवर दिसणार. त्या चौघांत मी एक. दुसरे बँकेतून निवृत्त झालेले एक साहेब, ते हिशेबापेक्षा झाडं बरी काढतात. तिसरे एक दातांचे डॉक्टर. चौथी माझी मैत्रीण.

ती आणि मी दोघीही शाळेत चित्रकलेच्या बाई होतो. शाळा वेगवेगळ्या. आमची ओळख झाली ती रेखाकला परीक्षेचे पेपर तपासताना. मोठा हॉल, लांबलचक टेबलं, आणि जिल्ह्याभरातल्या मुलांनी काढलेले तांबे आणि वांगी यांचे गठ्ठेच्या गठ्ठे. दोन दिवस तांबे बघितले की घरी पाणी प्यायलासुद्धा तांब्या नकोसा होतो. ती माझ्या शेजारी बसायची. माझ्यापेक्षा दोन वर्षांनी मोठी, पण पहिल्याच दिवशी अगं-तुगंवर आलेली.

त्या पेपरांत एक चोरी असायची. मुलाचा निकाल चांगला लागावा म्हणून एखादे सर वेळ संपता संपता मुलाच्या चित्रावरून स्वतःची पेन्सिल फिरवून द्यायचे. आम्ही त्याला "हात फिरलाय" म्हणायचो. मी असे पेपर शोधायला चुका बघत बसायचे आणि मला एकही सापडायचा नाही. ती चहा पिता पिता ढिगातून काढून दाखवायची. मी विचारलं, तुला कसं दिसतं गं? ती म्हणाली, "चुका काय बघतेस? चुका पोराच्याच असतात. बरोबर काय आहे ते बघ. सगळा तांब्या वाकडा, वांगं भोपळ्याएवढं, आणि तांब्याचं तोंड तेवढं अगदी गोल गरगरीत. मग ते तोंड पोराचं नाही."

हे मी तिच्याकडून शिकले आणि आयुष्यभर पुरवून वापरलं.

एआयची चित्रं ग्रुपवर यायला लागली तेव्हा पहिले काही महिने आमची फजितीच झाली. सुरुवातीला सोपं होतं. बोटं मोजायची. सहा निघाली की हाकलायचा. दुकानाच्या पाटीवर मराठीसारखं दिसणारं पण कुठल्याच भाषेतलं नसलेलं काहीतरी लिहिलेलं असायचं, ते वाचायचा प्रयत्न करायचा आणि हाकलायचा. पण मशीन आमच्यापेक्षा लवकर शिकत होतं. बोटं पाच झाली, पाट्या सुधारल्या. दातांचे डॉक्टर आजीच्या तोंडातले दात मोजायचे, पण आजी हसलीच नाही तर काय करणार?

तेव्हा मैत्रिणीने उपाय काढला. "कागदाची पाठ मागा," ती म्हणाली.

जलरंगाच्या कागदाची पाठ ज्याने बघितली नाही त्याला हे कळणार नाही. पुढून चित्र कितीही देखणं असो, पाठीमागे सगळी गंमत असते. कागद पाण्याने फुगलेला असतो. कडेला चिकटपट्टीने सोललेलं असतं. कुठे रंग झिरपलेला, कुठे ब्रश पुसलेला, कोपऱ्यात रंग करून बघितल्याचे ठिपके, एखाद्याच्या पाठीवर तर पायरीवरच्या ओल्या मातीचा छाप. "पुढून कोणीही नटतं," ती म्हणायची, "पाठ नटत नाही." नियम झाला. चित्राबरोबर त्याच्या पाठीचा फोटो पाठवायचा, नाहीतर मंजुरी नाही.

काय आरडाओरडा झाला म्हणून सांगू! आमच्यावर विश्वास नाही का, हा कलावंताचा अपमान आहे, तुम्ही कोण लागून गेलात. चोराच्या उलट्या बोंबा. एकाने पाठ म्हणून कोऱ्या झेरॉक्स कागदाचा फोटो पाठवला. एकाच्या चित्रापेक्षा त्याची पाठच मोठी निघाली. एका महाभागाने पाठसुद्धा मशीनकडूनच करून घेतली, आणि तिच्यावरचे डाग रांगोळीसारखे दोन्ही बाजूंना सारखे पडलेले. हात दाखवून अवलक्षण, दुसरं काय.

अशांना आम्ही गुपचूप नाही काढायचो. त्यांचं चित्र ग्रुपवर लावायचं, चुकांभोवती लाल गोल करायचे, खाली नाव लिहायचं आणि "ग्रुपमधून काढले" असं जाहीर करायचं. ते लाल गोल करण्याचं काम माझं. आणि मला ते आवडायचं. झुरळ चपलेखाली सापडल्यावर जे वाटतं तेच वाटायचं, खोटं कशाला बोलू? लोकही खूश व्हायचे. चांगल्या चित्राखाली चार माणसं फिरकत नसत, पण लाल गोल पडले की जत्रा भरायची. ज्याला काढलं त्याच्या खानदानापर्यंत लोक जायचे. तेही वाचून मला थोडं किळसवाणं वाटायचं, पण मग मी म्हणायचे, पेरलं ते उगवलं.

मैत्रिणीने मात्र गोल कधी केले नाहीत. ती फक्त मला कळवायची, "हे बघ जरा." मग पुढचं मी.

तिचे गुडघे गेले तशी ती रविवारी यायची बंद झाली. नवरा गेल्यावर शहरातलं घर भाड्याने देऊन देवळाली कॅम्पला भावाच्या बंगल्यामागच्या दोन खोल्यांत राहायला गेली होती. मंजुरीचं कामही तिने सोडलं. पण चित्रं टाकत राहिली. "आठवणीतून काढते," असं लिहायची. आधी तिची चित्रं अगदी फिकी असायची. ग्रुपवर टाकली तरी फार कोणाचं लक्ष जायचं नाही. बँकेचे साहेब न चुकता "छान" लिहायचे, मी अंगठा दाखवायचे, दातांचे डॉक्टर हात जोडायचे. आणि मग, साधारण गेल्या दिवाळीनंतर, तिच्या चित्रांत एकदम जान आली. रंग भरले, माणसं आली, गर्दी आली. लोक वेडे झाले. दुबईच्या उंटवाल्याने तिला "माते" म्हटलं. मला बरं वाटलं. म्हटलं, चला, उतारवयात सूर सापडला.

तिचं चित्र आलं की मी पाठ बघायचे. पाठ अस्सल असायची. फुगलेली, डागाळलेली, तिचे रंग करून बघितल्याचे ठिपके ओळखीचे. मी "मंजूर" दाबायचे. तिची पाठ बघितल्यावर पुढून नीट बघायची मला कधी गरजच वाटली नाही. ज्या बाईने नियम केला तिला कोण तपासणार?

ग्रुपचं दरवर्षी एक प्रदर्शन भरतं. यंदाच्या निमंत्रणपत्रिकेवर कोणाचं चित्र छापायचं यावर त्याच्या समितीची बैठक झाली, मी सर्दीने गेले नव्हते. सकाळी बँकेच्या साहेबांचा फोन आला.

"मॅडम, एकमताने ठरलं. तुमच्या मैत्रिणीचं बुधवारच्या बाजाराचं चित्र. काय काम आहे हो! मोठं करून स्कॅन केलंय, तुम्हाला पाठवतो. एकदा नजरेखालून घाला, पत्रिका छापणारा थांबलाय."

"माझ्या नजरेखालून कशाला? ग्रुपवर मीच मंजूर केलंय."

"पद्धत आहे मॅडम. पत्रिकेवर जाणारं चित्र शेवटी तुम्हीच बघायचं. संध्याकाळपर्यंत सांगा म्हणजे झालं."

मी ते चित्र लेकीच्या कॉम्प्युटरवर उघडलं. पहिल्यांदा एवढं मोठं बघत होते. घाटावरचा बुधवारचा बाजार, छत्र्या, भाज्यांचे ढीग, मागे पायऱ्या आणि देवळाचा कळस. पुढे मिरच्या विकणारी बाई, हातात तागडी. जमिनीवर दिलेला पातळ पिवळसर रंगाचा हात इतका सुरेख होता की मी स्वतःशीच "वा!" म्हटलं. तो ओला हात तिचाच, दुसऱ्या कोणाला जमत नाही. मग माझी नजर बाईच्या बोटांवर गेली. तागडी धरलेली चार बोटं आणि अंगठा. काय बोटं होती! प्रत्येकाचं वजन कळत होतं. मी बराच वेळ ती बोटं बघत बसले.

बोटं फार बरोबर होती.

मग मी बाकीचं बघितलं. तागडीचं एक पारडं दोऱ्यांना नीट लटकलेलं होतं. दुसऱ्या पारड्याच्या दोऱ्या वर जाता जाता बाईच्या पदरात शिरत होत्या आणि पुन्हा बाहेर येतच नव्हत्या. मागच्या पायऱ्या नदीकडे उतरता उतरता मध्येच एका भिंतीत घुसत होत्या. एका छत्रीला दांडाच नव्हता, आणि तरी ती उभी होती. आणि तो कळस! जिथे बुधवारी मिरच्यावाल्या बसतात तिथून कळस दिसत नाही, तिथून पूल दिसतो. आम्ही दोघी त्या जागी किती वेळा बसलोय. आठवणीतून काढणारा माणूस पूल विसरेल, कळस लहानमोठा करेल, पण पायरी भिंतीत घालणार नाही. पायरीवरून तो उतरलेला असतो.

हे मशीनचं चित्र होतं. मशीनने केलेलं, तिने कागदावर गिरवलेलं, आणि जिथे मशीन पकडलं जातं ते तिने सुधारलेलं. बोटं सुधारली. पाट्यांवरचं मराठी सुधारलं. हात फिरवला. रंग खरे, पाणी खरं, कागद खरा, पाठ तर शंभर टक्के खरी. ज्या चित्राला आम्ही पकडूच शकणार नाही असं चित्र ती करत होती, कारण पकडायचं कसं ते तिनेच आम्हाला शिकवलं होतं.

मला ओकारी आली, आणि हे शब्द सजवून लिहीत नाहीये. मी उठून बेसिनपाशी गेले. त्या तुपकट आजीची येते त्याहून ही किळस वेगळी होती. सोफ्यावर लोळणाऱ्याला चित्र म्हणजे काय ते ठाऊक नाही, त्याला सोडून द्या. हिला ठाऊक होतं. तो पिवळ्या रंगाचा सुंदर हात, आयुष्यभराच्या मेहनतीने आलेला, तिने त्या भिंतीत घुसणाऱ्या पायऱ्यांवर ओतला होता. घरातलं चांगलं तूप कोणी गटारात ओतताना दिसावं, तसं झालं.

आणि संध्याकाळपर्यंत मला उत्तर द्यायचं होतं. गप्प बसले तर मशीनचं चित्र आमच्या पत्रिकेवर छापून गावभर जाणार, माझ्या मंजुरीने. बोलले तर नियम सगळ्यांना सारखा. लाल गोल, खाली तिचं नाव, ग्रुपमधून काढले, आणि मग ती जत्रा. तिची सत्तरी जवळ आलेली. दोन खोल्या, दुखरे गुडघे आणि तो ग्रुप, एवढंच तिच्याजवळ उरलेलं.

मी बस पकडून देवळालीला गेले. शेजारी एक जवानाची बायको बसली होती, मांडीवर पोर झोपलेलं. तिने मला "काकी, बरं नाही का?" असं विचारलं. माझं तोंड तसंच झालं असणार.

दार उघडंच होतं. मैत्रीण पलंगावर पाय लांब करून बसली होती. मला बघून तिने चष्मा काढला.

"आलीस? म्हणजे दिसलं तुला."

मी चपलासुद्धा काढल्या नाहीत. खिडकीपाशी काचेचा टीपॉय होता, खाली जमिनीवर पेटती ट्यूबलाइट ठेवलेली, आणि काचेवर गिरवण्यासाठी चिकटपट्टीने लावलेला एक प्रिंट. पुढचं चित्र. कांद्याच्या गाड्या, बैल, सोनेरी धूळ. एका बैलाला तीन शिंगं होती. तिने त्यातल्या एकावर पेन्सिलने फुली मारून ठेवली होती. लपवायचंही तिला सुचलं नव्हतं.

"कशावरून ओळखलंस? तागडी?" तिने विचारलं.

"बोटं."

ती हसली. "शिकवलेलं विसरली नाहीस."

"हसतेस काय? लाज नाही वाटत तुला? अगं, तू? दुसऱ्या कोणी केलं असतं तर मला काही वाटलं नसतं. पाठ मागायची तू सांगितलीस! आणि तीच पाठ आमच्या तोंडावर मारतेस? घाण केलीस तू, घाण! मला तुझ्या घरात उभं राहवत नाहीये."

"बस तरी. उभी राहून कशाला ओरडतेस? भाऊ बाहेर कुंड्यांना पाणी घालतोय."

मी बसले नाही. तिने टीपॉयकडे बघितलं.

"लाज वाटते की. पहिल्या चित्राला फार वाटली. दोन दिवस जेवण गेलं नाही. दुसऱ्याला कमी वाटली. मग मी बोटं सुधारायला लागले आणि कामातच रमले. तुला सांगते, नोकरीभर एका पोराच्या पेपरवर कधी माझी पेन्सिल टेकवली नाही. मुख्याध्यापकांनी सांगितलं तरी नाही. आणि आता या मशीनच्या पेपरवर हात फिरवत बसते. काय म्हणायचं याला?"

"पण का? पैसे हवेत? नाव हवंय?"

"नाव कसलं या वयात." तिने दुखरा गुडघा चोळला. "लोक थांबतात गं. माझ्या चित्रापाशी कधी कोणी थांबलं नाही. इथे बसून मी दिवसभर एक चित्र काढायचे, टाकायचे, आणि मोबाइल हातात घेऊन बसायचे. छान. अंगठा. हात जोडले. झालं. मग एकदा भाच्याने या यंत्रातलं चित्र दाखवलं, ते मी गंमत म्हणून कागदावर उतरवलं आणि टाकलं. त्या दिवशी मोबाइल थांबायला तयार नाही. कोण कुठली बाई, तिने लिहिलं, तुमच्या चित्रातल्या आजीने मला माझी आजी दाखवली. मी ते वाचून रडले. ती आजी मी काढलेलीच नव्हती आणि मी रडले. आता तूच घाल काय ते माप माझ्या पदरात."

तेवढ्यात माझ्या पर्समध्ये फोन वाजायला लागला. बँकेचे साहेब. मी फोन हातात घेऊन तशीच उभी राहिले. उचलला.

"मॅडम, बघितलं ना? छापायला देऊ?"

"नको," मी म्हटलं. "ते चित्र घेऊ नका."

"का हो? सगळ्यांना सांगून झालंय. काही चूक आहे का?"

मी मैत्रिणीकडे बघितलं. एवढ्या लोकांच्या चित्रांवर मी बेधडक गोल केले होते. तिने पलंगावरून हात पुढे केला आणि माझ्या हातातून फोन घेतला.

"नमस्कार साहेब, मी बोलतेय. ते चित्र माझं नाही. मशीनने केलंय, मी गिरवलंय. आधीचीही तशीच. हो. हो, चांगलं ऐकलंत. दिवाळीपासूनची सगळी. तुमचा नियम आहे तो लावा. नाही, बाईंना आजच कळलं, त्यांना काही बोलू नका." तिने फोन बंद केला आणि मला परत दिला.

आता मी बसले. पलंगाच्या कडेला, तिच्या पायापाशी. राग गेला नव्हता. टीपॉयवरचा तो तीन शिंगांचा बैल मला बसल्या जागेवरून दिसत होता आणि अजून मळमळत होतं. मी उठून त्याच्याकडे पाठ करून बसले.

"गोल तूच कर," ती म्हणाली. "दुसऱ्या कोणाला देऊ नकोस. ते डॉक्टर भलतीकडेच करतील. पायऱ्या, छत्री, दोऱ्या, कळस. बोटांना करू नकोस, बोटं माझी आहेत."

"गप्प बस गं."

"खरंच सांगते. राग नाही माझा." तिने चष्मा पदराने पुसला आणि पुन्हा लावला. "पण मला ग्रुपमधून काढायच्या आधी एक सांग. दिवाळीच्या आधीची माझी चित्रं. ती तर खरी होती ना?"

"होती की! तेच तर सांगतेय! काय गरज होती तुला याची? तुझी स्वतःची इतकी चांगली चित्रं असताना!"

"कुठलं?"

"काय कुठलं?"

"चांगलं. माझं कुठलं चित्र तुला चांगलं वाटलं होतं? एक सांग."

मी तोंड उघडलं. मला सगळं आठवत होतं. दोन चोचींचा मोर आठवत होता, रांगोळीसारखे डाग आठवत होते, कृष्णाच्या बासरीवरची सहा बोटं आठवत होती. गेल्या दोन वर्षांत पकडलेलं प्रत्येक खोटं चित्र मला डोळ्यांसमोर आणता येत होतं. तिची चित्रं मी आठवायला लागले आणि नुसता फिका कागद समोर येत होता. कुठेतरी राखाडी आभाळ. कुठेतरी पाणी. रविवारी किती वर्षं आम्ही शेजारी शेजारी बसलो होतो. ती वाट बघत होती, चेहऱ्यावर काही न दाखवता, परीक्षेत मुलगा पेपर हातात देतो आणि बाईंकडे बघत उभा राहतो तशी.

आणि मग एकदम आठवलं. मला इतकं हायसं वाटलं की मी तिच्या पायावर हातच ठेवला.

"अगं ते नाही का! गंगापूर धरणाच्या काठावरचं. अर्धं पाण्यात गेलेलं बाभळीचं झाड, आणि डावीकडचा सगळा कागद कोरा सोडला होतास. ते चित्र मी जन्मात विसरणार नाही."

बाहेर भाऊ कुंड्यांना पाणी घालत होता, त्याचा आवाज येत होता.

"ते तुझं आहे," ती म्हणाली. "मी तुझ्या शेजारी बसले होते."